नवा पंप आणि आबांचे कान

आमच्या घरात कुणी कुणाला लांबून हाक मारत नसे. बोलायचं असेल तर उठून जवळ जायचं, कोपराला हात लावायचा, आणि आबांनी मान वळवून आपल्या तोंडाकडे बघितलं की मगच बोलायला सुरुवात करायची. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जेवायला बोलवायचं असलं की माय स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीच्या ट्यूबलाइटचं बटण दोनदा बंद-चालू करायची. ट्यूब फडफडली की आबा पेपरची घडी घालून हात धुवायला जायचे. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की इतरांच्या घरात लोक बसल्या जागेवरून ओरडतात आणि आतून कुणीतरी उत्तर देतं, याचंच मला कॉलेजात जाईपर्यंत नवल वाटायचं. माझे मिस्टर अजून चिडवतात, की साधं 'चहा घेता का' विचारायलाही ही बाई आधी खांद्याला हात लावते. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि असं का करायचं तेही कुणी सांगितलेलं नव्हतं. 'आबांना ऐकू येत नाही' हे वाक्य आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही. बाहेरचं कुणी म्हणालंच की, 'तुमच्या मालकाला दोन हाका मारल्या, बघितलं नाही,' तर माय लगेच म्हणायची, 'त्यांचं ध्यान नसंल.' आणि विषय तिथंच संपायचा.

आबांनी अठरा वर्षं वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला काढली होती. जाड पत्र्यावर प्रेस आदळायचा, पत्र्याला आकार यायचा, की पुढचा पत्रा. दिवसभरात किती वेळा, ते त्यांनी कधी मोजलं नसेल. मी लहान असताना एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला मायबरोबर गेटपर्यंत गेले होते, तर तिथंही पायाखालची जमीन थडथडत होती. कानात घालायला म्हणून कापसाचे बोळे असायचे, पण बोळे घातले की फोरमनचं बोलणं कळायचं नाही, म्हणून कुणी घालत नसे. मग कंपनी बंद पडली. गंगापूरकडच्या आमच्या गावात थोडं शेत होतं, ते काकांकडे. परत जायला तोंड नव्हतं. शहरात पडेगावला दोन खोल्या बांधलेल्या होत्या आणि मायच्या हाताला चव होती. तेवढ्यावर आमचं पुढचं सगळं उभं राहिलं. माय डबे करायला लागली, आणि आबांनी डबे पोचवायला एक जुनी व्हॅन घेतली.

डब्यांच्या घराचा आवाज काय असतो, ते त्यात वाढल्याशिवाय कळत नाही. पहाटे मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. माय एका बाजूला, शेजारच्या कौसल्यामावशी दुसऱ्या बाजूला, दोन परातींत दोन वेगळ्या तालांचे हात. मध्येच कुकरची शिट्टी, खलबत्त्यात लसूण-शेंगदाणे कुटल्याचा ठक ठक आवाज. मी डब्यांची झाकणं ओळीत मांडून प्रत्येकात चमचाभर चटणी घालायची, आणि समोर पुस्तक उघडं ठेवून बी.एस्सी.चा अभ्यास केल्याचं नाटक करायची. सोमवारी येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, मंगळवारी वांगं, बुधवारी मूग, अशी पाळी ठरलेली. येसर भाजला जायचा त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळायचं. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणायची, तुझ्या वहीला भूक लागेल असा वास येतो. साठ डबे व्हायचे. प्रत्येकाच्या कडीला रंगीत दोरा, म्हणजे कुणाला तिखट कमी, कुणाला भात नको, कुणाला मुतखडा म्हणून टोमॅटो नको, ते दोऱ्यावरून कळायचं. हे दोरे मायच्या डोक्यात होते, कागदावर कुठंच नव्हते. पावणेबाराला व्हॅन निघायची आणि साडेबाराच्या सुट्टीला डबे वाळूजच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर पोचायचे.

व्हॅन आबांची लाडकी होती. गल्लीतली ती पहिली इंजेक्शनवाली गाडी. कार्बोरेटर नाही, चोक नाही, थंडीच्या दिवसांतही किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगायचे, जणू इंजिन त्यांनीच बनवलं होतं. गाडीच्या कप्प्यात आधीच्या मालकानं ठेवलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. आबा मला दर महिन्याला म्हणायचे, 'संगे, तेवढं वाचून सांग बरं मला, काय काय लिहिलंय.' आणि मी दर महिन्याला म्हणायची, परीक्षा झाली की वाचते. शिकायची एवढी हौस असलेला माणूस आणि वाचून सांगायला एवढी आळशी पोरगी, याची आज लाज वाटते.

या लाडक्या गाडीला आबा पेट्रोल मात्र कधी पोटभर पाजत नसत. त्याला कारण होतं. आमच्या गल्लीत पेट्रोलचोर होते. स्कूटर होती तेव्हा तीनदा सकाळी नळी लावून पेट्रोल ओढल्याच्या खुणा आणि रिकामी टाकी बघून आबांनी नियमच केला होता, की घरी येताना टाकीत उद्या पेट्रोलपंपापर्यंत जाण्यापुरतंच असलं पाहिजे. व्हॅनचा काटा कायम लाल रेघेवर. चोरांवर आपण कशी मात केली याचा त्यांना फार आनंद होता. गाडीनं दोन वर्षं सोसलं आणि एका दुपारी रिकामे डबे घेऊन येताना छावणीजवळ ती बंद पडली. एका टेम्पोवाल्यानं दोरी लावून घरापर्यंत ओढून आणली.

आमच्या समोर सलीमभाई राहायचे. रिक्षा दुरुस्त करायचे. त्यांनी मागचं सीट उचललं, वायरीला दिवा लावून बघितला, टाकीवर बोटानं टिचकी मारली आणि हसायलाच लागले. 'भाऊ, टंकी का पंप जल गया. इन्ने पेट्रोल में डूबके रहता, उसीसे थंडा रहता. तुम उसकू प्यासा मार डाले.' आबांनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघत सगळं ऐकलं, म्हणजे वाचलं म्हणायला हवं, आणि मान खाली घातली. चोरांवर केलेली मात अशी अंगाशी आली होती. संध्याकाळीच जाफर गेटच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्यांनी नवा पंप आणला, आणि सकाळी उजाडल्यापासून दोघं गाडीखाली शिरले. टाकी उतरवली, जुना पंप काढला, नवा बसवला, जाळी बदलली, नळ्यांच्या क्लिपा आवळल्या, टाकी परत वर चढवली. पाच लिटर पेट्रोल कॅनमधून ओतलं. आबांचं काम बघण्यासारखं असायचं. काढलेला प्रत्येक नट ते ओळीनं एका ताटलीत मांडायचे, ज्या क्रमानं काढला त्याच क्रमानं परत. साडेनऊच्या सुमाराला सलीमभाईंकडे एक रिक्षा आली म्हणून ते पलीकडे गेले, आणि आबांनी हात पुसून किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली नाही. स्टार्टर फिरतोय, इंजिन उचलत नाही. आबांची एक जुनी सवय होती, कंपनीत लागण्याआधी टेम्पो चालवायचे तेव्हाची. अडलेल्या गाडीला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून उठवायचं. एरवी व्हॅनला पाय लावायची वेळच येत नसे, पण आज त्यांचा पाय गेला आणि तिथंच राहिला. एकदा, दोनदा, सहादा. गल्लीतल्या चार जणांनी ढकलून पाहिलं, तरी आबांचा पाय खालीच. बॅटरीचा आवाज हळूहळू जड व्हायला लागला. शेवटी आबा उतरले, गाडीखाली पाठीवर सरकले आणि टाकीला कान लावून मला म्हणाले, 'संगे, किल्ली एकच घर फिरव. सुरू नको करू. पंप बोलतो का बघतो.'

मी किल्ली एक घर फिरवली. माझ्या सीटच्या मागून, खालून, एक बारीक गुणगुण झाली. दोन सेकंद, फार तर तीन, आणि मग आपोआप थांबली. इतकी स्पष्ट, की मी वळून मागं बघितलं.

'फिरवली का?' आबा खालून म्हणाले.

मी उतरून वाकले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. 'व्हय, फिरवली.'

'काहीच नाय. मेलेला पंप दिला त्या माणसानं. तुला आला का आवाज?'

त्या क्षणी ते गाडीखालून वर माझ्याकडे बघत होते, गालाला ग्रीस लागलेलं, कान अजून टाकीला टेकलेला. आजूबाजूला गाडी ढकलायला आलेली माणसं उभी होती. आणि मी म्हणाले, 'नाय आबा. मला बी नाय आला.'

मला वाटलं, मी फार चांगलं केलं. आमच्या घरात वाढलेल्या मुलीला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आला म्हणणं म्हणजे चार माणसांदेखत 'तुम्ही बहिरे आहात' म्हणणं होतं. मग सलीमभाई अर्धी खोललेली रिक्षा सोडून घाईत आले आणि स्वतः किल्ली न फिरवता त्यांनीही मलाच विचारलं, 'बेटी, तू तो सुनी होगी ना कुछ?' आबा माझ्याकडेच बघत होते. मी पुन्हा नकाराची मान हलवली. सलीमभाई म्हणाले, 'फिर निकालो. नया माल बी कभी कभी खराब निकलता.' आणि आबांनी पाना उचलून टाकीचे नट परत सोडवायला घेतले. टाकी उतरवायची, पंप काढायचा, जाफर गेटला जायचं, दुकानदाराशी भांडायचं, दुसरा आणायचा. पावणेअकरा वाजले होते.

आत माय वांग्याला फोडणी देत होती. तिला बाहेरचं सगळं खिडकीतून दिसत होतं. आदल्याच आठवड्यात पावसानं अर्धा तास उशीर झाला होता, तेव्हा गेटवरच्या साहेबानं एका कामगाराकरवी मायला निरोप पाठवला होता, की मावशी, पुन्हा असं झालं तर मला दुसरी मेस बघावी लागेल, माझे लोक उपाशी मशीनवर उभे राहतात. साठ डबे गेले की आमच्याकडे बाकी काही नव्हतं. कॉलेजसुद्धा नव्हतं. आणि आबांना या वयात गाडी चालवायला दुसरं कोण ठेवणार होतं?

मी व्हॅनच्या कप्प्यातलं ते जाड पुस्तक काढलं आणि परातीशेजारी बसून पहिल्यांदा उघडलं. इतकी वर्षं टाळलेलं पुस्तक, आणि हवं ते पान सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सरळ लिहिलं होतं. पेट्रोलच्या नळ्या किंवा पंप उघडला असेल तर नळीत हवा भरते. किल्ली एक घर फिरवून थांबा, पंप काही सेकंद चालेल आणि आपोआप बंद होईल. बंद करून पुन्हा फिरवा. असं चार-पाच वेळा केलं की नळी भरते. मगच गाडी सुरू करा. आणि त्याखाली ठळक अक्षरात, सुरू करताना ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. पूर्ण दाबून धरलात तर गाडीला वाटतं की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, आणि ती पेट्रोल देणं बंद करते.

म्हणजे पंप धडधाकट होता. गाडीला आबांचा पाय अडवत होता. आणि ते कळायच्या रस्त्यावर मी आडवी बसले होते.

'माय,' मी तिच्या कोपराला हात लावून म्हणाले. तिला चांगलं ऐकू यायचं, पण सवय. 'पंप चालू हाय. मी ऐकलाय आवाज. मी आबाला खोटं बोलले.'

मायनं गॅस बारीक केला. ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, 'कामून बोललीस ते कळलं मला. मीच शिकवलं तुला. इतके दिवस झाकत आले मी. वाटायचं, माणसाचा मान राहतोय.' मग पदराला हात पुसले. 'पर साठ लोकं उपाशी ठेवून कुणाचा मान राहत नाय बाई. चल. सांगू त्यांना.'

'वाईट वाटंल त्यांना.'

'वाटू दे. मी हाय ना इथं.'

त्या 'मी हाय ना इथं'चे उपकार मी आजवर फेडते आहे. आपल्या हातून झालेली चूक निस्तरायला कुणीतरी सोबत येतं, हे विसाव्या वर्षी कळणं हे नशीब आहे. खूप जणांना ते पन्नाशीतही मिळत नाही, हे मी पाहिलं आहे.

माय व्हॅनच्या ड्रायव्हर सीटवर बसली. त्या सीटवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती, आणि हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. मी तिला किल्ली दाखवली आणि जमिनीवर झोपून आबांच्या शेजारी गाडीखाली सरकले. दोन नट निघाले होते, तिसरा अर्धा सुटला होता. आबांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला, त्यांचा तळहात धरला आणि टाकीच्या खालच्या पत्र्यावर दाबून ठेवला. वर माझा हात. मग ओरडले, 'माय, फिरव!'

गुणगुण झाली. पत्रा बारीक थरथरला, दोन सेकंद, आणि थांबला.

अठरा वर्षं पत्र्यावर गेलेला तो हात होता. पत्रा थोडाही वाकडा बसला तरी बोटांना कळायचं, असं त्यांचे जुने सोबती सांगायचे. त्या हाताला कळलं नसतं तरच नवल. आबांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. आधी त्यांचे डोळे चमकले, पंप चालतोय म्हणून. मग ते डोळे हळूहळू माझ्यावर आले आणि तसेच राहिले.

'आवाज बी येतो का याचा?' त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. येतो.

'मघाशी बी आला व्हता?'

'व्हय आबा. चुकलं माझं.'

गाडीखाली पेट्रोलचा वास कोंडला होता. बाहेर सलीमभाईंचे पाय दिसत होते, पलीकडे आणखी दोघातिघांच्या चपला. आबा वर टाकीकडे बघत राहिले. मला रडायला येत होतं, पण पाठीवर झोपून रडलं की पाणी कानात जातं, म्हणून मी आवरत होते. हे मला आज हसू येण्यासारखं आठवतं, तेव्हा आलं नव्हतं.

'कधीपासून माहीत हाय तुम्हाला? तुला अन् तुझ्या मायला?'

'लई दिवसांपासून.'

'समद्यांनाच?'

'समद्यांनाच आबा.'

'अन् मी म्हणायचो, कुणाला पत्ता नाय.' त्यांनी मोठा श्वास सोडला. आणि मग, ज्याची मी सगळ्यात जास्त भीती धरली होती ते न करता, ते चक्क हसले. आवाज न करता, पोट हलवत. 'लई दमलो संगे, नंदीबैलावानी माना हलवून. लोक काय बी बोलत्यात अन् मी आपला व्हय व्हय.' मग ते बाहेर सरकले, उभे राहिले, पाठ झटकली आणि सलीमभाईंना नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, 'सलीमभाई, पंप चांगला हाय. मला ऐकू येत नाय. पोरीला येतं. आता ती सांगंल तसं करायचं.'

सलीमभाईंनी फक्त एवढंच केलं, की ते आबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले आणि सावकाश, ओठ हलवत म्हणाले, 'हौ भाऊ. बोलने दो बच्ची कू.' सलीमभाई आता नाहीत. पण दुसऱ्याचं उघडं पडलेलं दुखणं किती साधेपणानं हातात घ्यावं, ते मी त्यांच्याकडून शिकले.

नट परत आवळले. मी पुस्तक उघडून आबांना एकेक ओळ बोटानं दाखवत मराठीत सांगितली. ॲक्सिलरेटरचं सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे असं बघितलं, जणू पायानंच त्यांना फसवलं होतं. 'याचा काय भरवसा नाय,' ते म्हणाले. 'आपसूक जातो खाली.' आणि चपला काढून ते ड्रायव्हर सीटवर मांडी घालून बसले. पंगतीला बसल्यासारखे, दोन्ही पाय मांडीखाली अडकवून, पाठ ताठ. गल्लीतली पोरं हसली, कौसल्यामावशी हसल्या, माय तोंडाला पदर लावून हसली. आबा गंभीर. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हे मी दोनदा तपासलं.

मी समोर उभी राहिले, काचेतून त्यांना दिसेन अशी. किल्ली एक घर. गुणगुण सुरू झाली की मी बोट वर करायचं, थांबली की खाली. मग बंद. पुन्हा एक घर. बोट वर, बोट खाली. पाच वेळा केलं. पाचव्या वेळी गुणगुणीचा आवाज बदलल्यासारखा वाटला, थोडा भरीव, म्हणजे नळी भरली असावी. मी दोन्ही हातांनी खूण केली, आता पूर्ण फिरवा. स्टार्टर दमलेला होता. एक फेरा, दोन फेरे, आणि बंद. बॅटरीत बहुतेक शेवटचं काही उरलं होतं. मायनं डोळे मिटले. आबांनी दोन क्षण थांबून पुन्हा फिरवली. इंजिन एकदा खोकललं, अडखळलं, आणि लागलं.

आबांना ते कळलं असणारच, सीट थरथरत होतं. पण त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, काचेतून, भुवया उंचावून. झालं का, असं विचारत. मी 'चालू झाली!' असं ओरडून दोन्ही हात वर केले, तेव्हा कुठं त्यांनी मांडी सोडली. इंजिन चालू आहे की नाही यासाठी माझ्या आबांनी माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला, तासाभरापूर्वीच त्यांच्याशी खोटं बोललेल्या चेहऱ्यावर. मला आयुष्यात बरंच काही मिळालं, नोकरी, घर, चांगला नवरा, शहाणी मुलं. पण इतकं मोठं काही कुणी इतक्या सहज दिलं नाही.

बारा वाजायला आले होते. सगळ्यांनी हातोहात डबे भरले. मायनं त्या दिवशी दोरे न बघता भराभर दिले आणि तरी एकही चुकला नाही. मी कॉलेज बुडवून आबांच्या शेजारी बसले. नगर नाक्यावर मागून ट्रकचा हॉर्न आला की मी त्यांच्या कोपराला हात लावायची, ते आरशात बघून बाजूला घ्यायचे. पहिल्यांदाच आम्ही हे उघड उघड करत होतो. पुढच्या महिन्यात आम्ही घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन त्यांचे कान तपासून घेतले, आणि पुढच्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. आबा शेजारी बसून डब्यांवर हात ठेवून यायचे. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आमच्या डोक्यात एकच होतं, गेट.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. सुट्टी संपायला पाच मिनिटं. गेटजवळच्या शेडमध्ये माणसं हात धुऊन बसली होती. ती उठून व्हॅनकडे धावलीच, आणि आपापल्या दोऱ्याचे डबे ओळखून उचलायला लागली. तो साहेब केबिनमधून बाहेर आला. त्यानं घड्याळ बघितलं, आत लाइनला फोन लावून सुट्टी वीस मिनिटं वाढवल्याचं सांगितलं, आणि मग आबांच्या दिशेनं येत लांबूनच काहीतरी म्हणाला. डब्यांच्या खणखणाटात मलाही ते ऐकू आलं नाही. एरवी आबांनी अशा वेळी हसून मान हलवली असती, व्हय व्हय म्हणाले असते आणि पटकन गाडीत बसले असते. किती महिने ते या गेटवर असंच करत होते, कोण जाणे. आज ते जागचे हलले नाहीत. कानामागे तळहात धरून मोठ्यानं म्हणाले, 'साहेब, जवळ येऊन बोला. मला ऐकू येत नाय.'

साहेब थबकला. मग चार पावलं पुढं आला, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, 'काका, रोज विचारतो, तुम्ही नुसते हसता. आज भाजी काय हाय?'

'वांगं,' आबा म्हणाले, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांचे डोळे भरून आले.